टॉमी-मोती पुरे झाले! कुत्र्या-मांजराचं हटके नाव शोधायची खान्देशी रीत

जळगावात असो, धुळ्यात असो की शहाद्यात, कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "टायगर" अशी हाक मारली, तर दोन-तीन शेपट्या तरी हलतात. मांजर असलं की मनी, कुत्रं असलं की मोती, टॉमी नाहीतर रॉकी. ही नावं प्रेमाने ठेवलेली असतात, पण त्यांत त्या जनावराचं स्वतःचं असं काहीच नसतं. नाव ऐकल्यावर समोरचा खुदकन हसला पाहिजे आणि "असं का ठेवलं?" म्हणून विचारलं पाहिजे, तेव्हा ते नाव जमलं म्हणायचं.

गावठी कुत्र्याच्या बाबतीत तर नाव ही चैन नाहीच. "ते पिवळं कुत्रं" दारात आलं की लोक काठी शोधतात. त्याच कुत्र्याचं नाव 'डुबुक' आहे हे गल्लीला कळलं की पोरं त्याला भाकरी टाकतात, कोणी दगड उचलला तर ओट्यावरच्या बाया ओरडतात, आणि ते दोन दिवस दिसलं नाही तर चौकशी सुरू होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून नाव ठेवण्याचं काम मी मनापासून करते आणि दुसऱ्यांनाही तसंच करायला सांगते.

आधी आठवडाभर नुसतं बघा

पिल्लू घरी आलं त्याच संध्याकाळी नाव ठेवायची घाई करू नका. आईपासून नुकतं तुटलेलं पिल्लू पहिले दोन-तीन दिवस बावरलेलं असतं. कोपऱ्यात बसतं, कुईकुई करतं. तो काही त्याचा खरा स्वभाव नव्हे. चौथ्या-पाचव्या दिवशी ते घर आपलं मानायला लागतं आणि मग खोड्या बाहेर पडतात.

स्वयंपाकघराच्या दाराला एक कागद चिकटवा. घरातल्या प्रत्येकाने त्यावर लिहायचं, पण नियम एकच: नाव लिहायचं नाही, खोड लिहायची. जेवताना काय करतं, झोपतं कसं, कशाला घाबरतं, काय चोरतं, कोणाच्या मागे फिरतं. पोरं यात फार बारकाईने बघतात, त्यांचं लिखाण खोडू नका.

आमच्या शेजारच्या घरी आलेल्या गावठी पिल्लाचं उदाहरण घ्या. ते दारातल्या सगळ्या चपलांचा वास घ्यायचं आणि नेमकी एकच उचलायचं, बहुतेक वेळा पाहुण्याची. चावायचं नाही, फाडायचं नाही. खाटेखाली नेऊन तिच्यावर हनुवटी ठेवून बसायचं आणि कोणी हात घातला की डोळे मिटून घ्यायचं. कागदावर घरातल्या तिघांनी ही एकच खोड लिहिली होती. नाव ठरलं 'जप्ती'. आज पाहुणा उठताना चप्पल सापडली नाही की आतून आवाज येतो, "थांबा, जप्तीत गेली असेल."

असं नाव डोकं खाजवून सुचत नाही, बघून सुचतं.

कानाला काय पेलतं

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास आणि मांजराला त्याहून वर, ६४,००० पर्यंत. म्हणजे ऐकण्यात ती आपल्यापेक्षा सरस आहेत. अडचण वेगळीच असते. दिवसभर आपण घरात हजारो शब्द बोलतो, त्यांतून स्वतःचा शब्द त्यांना वेगळा काढायचा असतो. म्हणून हाक मारायचं नाव दोन अक्षरांचं, फार तर तीन अक्षरांचं असावं. सुरुवात क, ट, ड, प, ब, ज अशा ठोस अक्षराने झाली तर उत्तम. शेवटी स्वर लांबवता आला पाहिजे. 'बट्टी' म्हणताना शेवटची ई अंगणापलीकडे जाते, 'पॅसेंजर' म्हणताना आवाज तोंडातच विरतो.

मग येतो आपल्या बोलीचा प्रश्न, आणि इंग्रजी नावांच्या याद्या याबद्दल काही सांगत नाहीत. आपण कुत्र्याला हाकलताना 'हाड' म्हणतो, मांजराला 'शुक', आणि कुत्रं कोणाच्या अंगावर सोडायचं असेल तर 'छू'. तेव्हा 'हाड्या', 'शुकी', 'छुटकी' ही नावं कितीही गोड वाटली तरी बाजूला ठेवा. राखणीच्या कुत्र्याला तर 'छु'ने सुरू होणारं नाव मुळीच नको. तुम्ही लाडाने हाक मारायची आणि त्याने दूधवाल्याच्या पायाकडे धाव घ्यायची, असं व्हायला नको. तसंच बस, चल, ये, नको, थांब हे रोजचे हुकूम. नावात त्यांचा आवाज आला की जनावराचा गोंधळ उडतो.

एका ओळखीच्या कुटुंबाने बुटक्या पायांच्या कुत्र्याला 'बसराई' नाव द्यायचं ठरवलं होतं. बसराई ही आपल्याकडची केळीची जुनी ठेंगणी जात, म्हणजे नाव बिनचूक. पण प्रत्येक हाकेला 'बस' ऐकून ते बिचारं खाली बसलं असतं. शेवटी त्यांनी केळीच्याच घराण्यातलं 'श्रीमंती' घेतलं. बसराईतूनच निवडून काढलेली ही जात. आता ते गावठी कुत्रं शेपटी वर करून केळीच्या बागेतून फिरतं आणि मजूर बाया म्हणतात, "श्रीमंती आली!"

नावं शोधायची कुठे

मोबाइल बाजूला ठेवा आणि आधी स्वयंपाकघरात जा.

खान्देशी जेवणात नावांची कोठीच आहे. आमटीत सोडतात ते डुबुकवडे, म्हणून पाणी दिसलं की उडी मारणारा तो 'डुबुक'. वाफवलेल्या डाळीचे फुनके कढीबरोबर खातो, म्हणून अंगाने गोल, मऊ पिल्लू 'फुनका'. वरणबरोबरची 'बट्टी' भरीव अंगाच्या, सहसा न हलणाऱ्या मांजरीला शोभते. ज्वारी आणि काळे उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी होते, तिच्या करड्या-ठिपकेदार रंगाचं मांजर असेल तर 'कळणी'. राखेत लोळून येणाऱ्याला 'भरीत' म्हणा, भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या वांग्याचा मान त्याला मिळेल. चिडकं असेल तर 'ठेचा'. उलट्या खापरावर भाजलेला पुरणाचा मांडा तुम्हाला माहीतच आहे. उन्हाळ्यात फरशीवर चारी पाय पसरून जे मांजर जमेल तेवढी जागा व्यापतं, त्याला 'मांडा' याहून नेमकं नाव मला तरी सुचत नाही.

मग वावरात या. पांढऱ्या मांजराला 'स्नोई' कशाला, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? 'रुई' आहे, 'सरकी' आहे. ही दोन्ही नावं छोटी आणि ईकारान्त, मांजराला अगदी सोयीची. लठ्ठ बोका असेल तर 'गासडी'. जिनिंगमधली रुईची गासडी १७० किलोची असते, बोक्याला उचलणाऱ्याला त्याचा प्रत्यय येईलच. रब्बीच्या ज्वारीवरून 'दादर' हे नावही झकास आहे. मुंबईचे पाहुणे रेल्वे स्टेशन समजतील आणि मग त्यांना दादरच्या भाकरीची गोष्ट सांगता येईल. जोडीने आलेल्या पिल्लांना केळीवाल्यांची नावं द्या: पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली ती मृगबाग, पावसाळा सरताना लावलेली ती कांदेबाग. म्हणून आधी जन्मलेला 'मृगू' आणि मागचा 'कांद्या'.

जळगावचा सराफ बाजार जवळ असणाऱ्यांना जुनी वजनं आठवत असतील. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. मांजरीला तीन पिल्लं झाली तर सगळ्यांत चिमुकली 'गुंजा', मधला 'मासा', दांडगा तो 'तोळा'. मांजराचं नाव मासा! हे एकदा ऐकलेला माणूस ते विसरत नाही.

भुसावळकरांना तर वेगळं शोधायलाच नको. घराघरात रेल्वे आहे. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत मागे-पुढे करणारं पिल्लू 'शंटिंग', हाक मारायला 'शंटू'. दार उघडलं तर आत येत नाही, लावलं तर ओरडतं आणि उंबऱ्यावरच मुक्काम ठोकतं ते मांजर 'आउटर'. सिग्नल न मिळाल्याने गाडी आउटरला थांबते हे ज्याने सोसलं आहे त्याला हे नाव ऐकताच कळतं. सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला 'पॅसेंजर' म्हणावं, रोजच्या हाकेला 'पॅसू'.

सरकारी कामकाजातले शब्दही प्राण्यांच्या अंगाला बरोबर बसतात. 'जप्ती' झालीच. प्रत्येक पिशवी हुंगणारा 'पंचनामा' (हाक: पंचू). जेवण नको म्हणून वाटीकडे पाठ फिरवणारी 'उपोषी'. आणि माझी सगळ्यांत आवडती 'वसुली'. ती आमच्या घरची मांजरी. मागच्या अंगणात दाणे कुटायला बसलं की ही शेजारी येऊन बसते. आवाज करत नाही. आधी डावा पंजा पावलावर ठेवते. लक्ष दिलं नाही तर थोडी नखं काढते, टोचेल न टोचेल इतपत. तरीही लक्ष गेलं नाही तर दुसरा पंजा येतो. दाण्यांशी तिला काही देणंघेणं नाही, तिला हवी असते दुपारच्या उकडलेल्या अंड्याची बाकी. ते मिळालं की उठते आणि मागे वळूनसुद्धा न बघता जाते.

नद्यांकडेही बघा. अजिंठ्याजवळून येणारी 'वाघूर' हे तर राखणदार कुत्रीसाठी तयार नाव आहे, ऐकूनच चोर दोन पावलं मागे सरेल. 'अनेर', 'पांझरा', 'बुराई' आहेत. पोट जमिनीला लावून सरपटत येणाऱ्या पिल्लाला शहाद्याकडची 'सुसरी'. तापी मात्र नको. आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती साजरी होते, लोक तिची ओटी भरतात. त्यांच्या मनाला लागेल असं काही करू नये.

खान्देशातली अहिराणी बोली बोलणाऱ्या घरांत तर आणखी मजा. समोर ठेवलेलं सगळं फस्त करणारा तो 'बठ्ठा', म्हणजे सगळा. कितीही दिलं तरी आणखी मागणारा 'गंज्या', कारण गंज म्हणजे पुष्कळ. जन्मतःच गंभीर चेहऱ्याची, मिशा पांढऱ्या असलेली मांजरी 'डोकरी', म्हणजे म्हातारी, पण घरात आजी असतील तर आधी त्यांना विचारा. त्या हसल्या तरच ठेवा. दोन कुत्र्यांत लहान असेल तो 'धाकल्या'. ही बोली शहरातल्या पोरांच्या तोंडून कमी होत चालली आहे. दिवसातून वीस वेळा हाक मारायच्या नावात तिचा एखादा शब्द राहिला तर मला फार आनंद होतो.

ही नावं ठेवू नका

इथे मी जरा कडक आहे. कुठल्याही जातीचं, धर्माचं, समाजाचं नाव नको. शेजाऱ्याचं, सासरच्या माणसाचं, गावातल्या पुढाऱ्याचं नको. असल्या गमतीतून भांडणं होतात आणि मार जनावराला बसतो. आपल्याकडे दर चार घरांत एक आप्पा, एक नाना आणि एक जिभाऊ असतात. कुत्र्याला 'नाना' म्हणून हाक मारली की तीन घरांतून "काय रे?" येणार, आणि चौथ्या दिवशी कोणीतरी दुखावणार. ही नावं माणसांच्या मानाची आहेत, ती त्यांच्याकडेच राहू द्या.

देवाधर्माचं भान ठेवा. मोठ्या कानांच्या पिल्लाला 'कानबाई' म्हणावंसं वाटेल, पण श्रावणात आपल्या घराघरात कानबाई बसते, रोटांचा नैवेद्य होतो. तिचं नाव गमतीला नको. दत्ताच्या पायाशी कुत्री उभी असतात, खंडोबाबरोबरही कुत्रं असतं. म्हणजे कुत्र्याला आपल्याकडे मान आहेच, त्यासाठी देवाचं नाव उसनं घ्यावं लागत नाही.

लंगड्या, काण्या, बहिऱ्या, टकल्या ही नावंही नकोत. कुत्र्याला काही वाटणार नाही, पण गल्लीतल्या ज्या पोराच्या पायात व्यंग आहे त्याला दिवसातून दहा वेळा ते ऐकावं लागतं.

आणि घबराट उडेल असं काही नको. 'चोरट्या', 'साप्या', 'आगी' ही नावं रात्री ओरडून बघितली की कारण समजेल. यावल, चाळीसगाव अशा बिबट्याचा वावर असलेल्या भागांत 'बिबट्या' तर नकोच, पण पापडावरून सुचलेलं 'बिबडी'सुद्धा टाळा. दुरून ऐकणाऱ्याला 'बिबटी' ऐकू येतं आणि लोक काठ्या घेऊन धावतात.

गच्चीवरची परीक्षा

दोन-तीन नावं हाती आली की ती कागदावर पारखू नका. रात्री साडेनऊ-दहाला गच्चीवर जा आणि एकेक नाव मोठ्याने हाक मारून बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि निम्मा गाव गच्चीवर झोपतो, त्यामुळे तुमची हाक सगळ्यांना ऐकू जाणार आहे. घशाला ताण पडतो का? तिसऱ्या हाकेला लाज वाटते का? शेजारच्या गच्चीवरून कोणी उत्तर देतं का? घरातल्या सगळ्यांत लहान पोराला आणि सगळ्यांत वयस्कर माणसाला ते नीट उच्चारता येतं का, हेही बघा. आजी 'शंटिंग'चं 'सांटिन' करत असतील तर 'शंटू' बरं.

नाव भारदस्त हवंच असेल तर दोन मजली ठेवा. कागदावर 'पंचनामा', तोंडात 'पंचू'. पण तोंडातलं एकदा ठरलं की सगळ्यांनी तेच म्हणायचं. बाबा 'पंचू', ताई 'पंचुल्या', काका 'ए पंच्या' असं झालं तर पिल्लू महिनोन्‌महिने गोंधळात राहतं.

नाव शिकवायचं कसं

शांत खोलीत, भूक लागलेली असताना बसा. नाव एकदाच, आनंदी आवाजात घ्या. पिल्लाने मान वळवून बघितलं की त्याच क्षणी छोटा घास द्या. बघितलं नाही तर नाव घोकत बसू नका. थोडं थांबा, जीभ टाळ्याला लावून टकटक करा, मग पुन्हा नाव. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, एवढं पुरतं. बहुतेक पिल्लं काही दिवसांतच कान टवकारायला लागतात. मग अंगणात, मग गल्लीत, असं अंतर वाढवा. पुढे नावाला अहिराणीतलं 'आठे ये' (इकडे ये) जोडा, इतर हुकमांपेक्षा त्याचा आवाज वेगळा असल्यामुळे ते पटकन पकडतात.

घास म्हणून उकडलेलं अंडं, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी किंवा साधी भाकरी चालेल. शेवभाजीत बुडवलेला तुकडा नको, भरीतही नको, नाव 'भरीत' असलं तरी. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजराच्या तांबड्या रक्तपेशींवर घाव घालतात. कुत्र्यांना द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही विषारी. मोठ्या मांजराला दूध सोसेलच असं नाही, अनेकांना त्याने हगवण लागते.

रागावताना नाव वापरू नका. "डुबुक! काय केलंस हे!" असं चार वेळा झालं की पाचव्या हाकेला डुबुक खाटेखाली जाणार. नाव म्हणजे काहीतरी चांगलं मिळणार, ही त्याची खात्री कायम राहिली पाहिजे.

मांजरांना नाव कळतच नाही असं बरेच जण म्हणतात. जपानच्या संशोधक अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात याचा अभ्यास छापला. मांजरांना आधी तेवढ्याच लांबीचे दुसरे शब्द ऐकवले, मग त्यांचं नाव. नाव आल्यावर त्यांचे कान आणि डोकी हलली, अनोळखी माणसाच्या आवाजातही. मांजराला कळतं, यायचं की नाही हे ते ठरवतं. त्याच अभ्यासात कॅफेत एकत्र राहणाऱ्या मांजरांना स्वतःचं नाव आणि सोबतच्या मांजरांची नावं यांत फरक करता आला नव्हता. घरी दोन-तीन प्राणी असतील तर यातून एवढं घ्या: नावांचा आवाज अगदी वेगळा ठेवा आणि प्रत्येकाला वेगळं बसवून शिकवा. 'बट्टी' आणि 'जप्ती' एका घरात नकोत. 'बट्टी' आणि 'डुबुक' चालतील.

जुनं नाव असलेलं जनावर

दत्तक घेतलेलं मोठं कुत्रं जुन्या नावाला ओ देत असेल तर ते एकदम पुसू नका. काही आठवडे नवं आणि जुनं जोडून म्हणा, नवं आधी: "डुबुक-टायगर". हळूहळू जुनं बारीक आवाजात, मग बंद. मात्र ते कुत्रं मार खाऊन आलेलं असेल आणि जुनं नाव ऐकताच अंग चोरत असेल, तर पहिल्या दिवसापासून नवंच नाव घ्या. त्याला नव्या नावाची सगळ्यांत जास्त गरज असते.

नाव पक्कं झालं की पट्ट्याला बिल्ला लावा. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला तुमचा मोबाइल नंबर. मांजराचा पट्टा ओढला की सुटणारा घ्या, नाहीतर झाडाच्या फांदीत अडकून फास बसतो. साधारण तीन महिन्यांच्या वयात रेबीजची पहिली लस देतात, त्याआधी नाव ठरलेलं बरं, कारण लसीकरणाच्या कार्डावर तेच लिहिलं जातं आणि पुढे दरवर्षी तेच शोधलं जातं. कार्डावर हाकेचं नाव स्वच्छ अक्षरात लिहून घ्या. दवाखान्यात भेदरलेल्या जनावराला डॉक्टर त्याच नावाने बोलावतील. गल्लीतलं बिनमालकाचं कुत्रं तुम्ही सांभाळत असाल तर त्याचंही कार्ड करा, आणि मालकाच्या रकान्यात तुमचं किंवा गल्लीचं नाव लिहा.